फेसप्लेटखालचा कोड: एका हँडलबार रिकॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

एक सायकल क्लब. पन्नासेक नियमित चालवणारे. दर आठवड्याला एक लांब राईड, आणि वर्षातून दोन-तीनदा दोनशे किलोमीटरची. मी या क्लबची तांत्रिक बाजू बघतो. म्हणजे मी पगारी मेकॅनिक नाही. एकदा हौसेनं टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळायचा पाना) विकत घेतला आणि तेव्हापासून सगळ्यांचे स्क्रू माझ्या गळ्यात पडले, इतकंच. या प्रकरणातल्या माणसांची नावं काढून त्यांना क, ख, ग अशी अक्षरं दिली आहेत. कंपनीचं नावही दिलेलं नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी 'क'नं ग्रुपवर एक चित्र टाकलं. रोड सायकलला बसणाऱ्या, खाली वळलेल्या कार्बन हँडलबारच्या एका मॉडेलचा रिकॉल निघाला होता, म्हणजे सदोष माल कंपनीनं वापरातून परत मागवला होता. ठराविक काळात बनलेल्या लॉटमध्ये, स्टेम (हँडलबारला सायकलशी जोडणारा तुकडा) जिथं बारला पकडतो त्याच्या कडेला तडा जाऊ शकतो, बार तुटू शकतो, चालवणारा पडू शकतो. वापर ताबडतोब थांबवा, विक्रेत्याकडे जा, बदली बार फुकट मिळेल. खाली लॉटच्या कोडांची यादी. आमची दोनशेची राईड नऊ दिवसांवर आली होती आणि तिला अडतीस जणांनी नावं दिली होती.

तडा नेमका तिथंच का, हे हँडलबारवर भार कसा येतो ते पाहिलं की कळतं. उभं राहून पॅडल मारताना आपण एक हात वर ओढतो आणि दुसरा खाली दाबतो. खड्ड्यात दोन्ही हात एकदम खाली जातात. दोन्ही वेळेला वाकण्याचा सगळा ताण स्टेमच्या पकडीच्या कडेशी गोळा होतो. सायकलींच्या सुरक्षेसाठी असलेल्या आयएसओ ४२१० या मानकातली हँडलबारची थकवा चाचणी याच दोन चालींची नक्कल करते: आधी दोन टोकांवर उलटसुलट दिशेनं भार, मग दोन्हीकडे एकाच दिशेनं, आणि प्रत्येक टप्प्यात एक लाख आवर्तनं. ॲल्युमिनियमचा बार थकला तर तडा वाढताना कधीकधी आधी कुरकुरतो, थोडा वाकतो. कार्बन फार वेळा काहीच सांगत नाही. त्यात स्टेमची फेसप्लेट (बारला समोरून दाबून धरणारी, बोल्टांनी आवळलेली पट्टी) आणि बारवर गुंडाळलेली टेप मिळून नेमका तोच भाग झाकून टाकतात.

हे फक्त हौशी माणसांच्या नशिबी येतं असंही नाही. २ मार्च २०२१ रोजी ल सामीन या शर्यतीत मॅथ्यू व्हॅन डर पूलच्या कॅनियन सायकलचा हँडलबार एका बाजूनं तुटला. तो न पडता तशीच सायकल चालवत राहिला आणि शेवटच्या टप्प्यात संघातल्या टिम मर्लियरला मदत केली. मर्लियर ती शर्यत जिंकला. त्यानंतर कंपनीनं त्या मॉडेलच्या ग्राहकांनाही सायकल चालवणं थांबवायला सांगितलं. व्हॅन डर पूलसारखा तोल आमच्या क्लबात कोणाकडे नाही. सकाळी सहा वाजता तर नाहीच नाही.

अडचण

पहिली चूक माझीच. 'क'चं चित्र मी क्लबच्या मुख्य ग्रुपवर पुढे ढकललं आणि वर एक ओळ लिहिली: "ज्यांच्याकडे हा बार आहे त्यांनी बघून घ्या." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा उत्तरं आली, आणि त्यातली चार "माझी सायकल या कंपनीची नाही" अशी होती.

गोम इथंच होती. माणूस सायकल विकत घेतो तेव्हा फ्रेमवरचं नाव त्याच्या डोक्यात बसतं. हँडलबार कोणाचा, सीटपोस्ट कोणाचा, हे बहुतेकांना सांगता येत नाही. हा बार एका सुट्या भागांच्या कंपनीचा होता, पण तो निरनिराळ्या नावांच्या तयार सायकलींवर बसून आला होता आणि सुटाही विकला गेला होता. सूचनेच्या मथळ्यात बार बनवणाऱ्याचं नाव होतं. सायकलींची यादी चौथ्या परिच्छेदात, बारीक अक्षरात.

दुसरी गोम पत्त्याची. कंपनीचा मेल जातो तो नोंदणी केलेल्या पहिल्या मालकाला. सायकलचे भाग मात्र फिरत राहतात. कोणी बार बदलतो, जुना मित्राला देतो, सायकल विकतो, ती पुन्हा विकली जाते. पत्र मालकाच्या पत्त्यावर जातं, तडा भागाबरोबर जातो. पुढे आमच्याकडे यादीतले चार बार निघाले, त्यांतल्या एकालाच मेल आला होता. तो 'क'.

आणि तिसरी गोष्ट शब्दांची. 'ख'नं लिहिलं, "यात ऐच्छिक रिकॉल असं लिहिलंय. म्हणजे सक्ती नाही ना?" हा गैरसमज नेहमीचा आहे. अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आणि कंपनी मिळून बहुतेक रिकॉल जाहीर करतात आणि कायद्याच्या भाषेत ते ऐच्छिक असतात, म्हणजे आयोगाला कंपनीविरुद्ध आदेश काढावा लागलेला नसतो. ऐच्छिक कंपनीच्या बाजूनं, चालवणाऱ्याच्या बाजूनं नव्हे. युरोपीय संघानं या शब्दखेळाचा बंदोबस्त नियमातच केला आहे. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या उत्पादन सुरक्षा नियमानुसार रिकॉलच्या सूचनेत "ऐच्छिक", "खबरदारी म्हणून", "क्वचित प्रसंगी" असे धोका पातळ करणारे शब्द वापरता येत नाहीत, आणि अजून एकही अपघात नोंदला गेलेला नाही असं सांगून दिलासाही देता येत नाही. हे वाचल्यावर मला माझीच ओळ आठवली. "बघून घ्या." त्याहून पातळ शब्द शोधून सापडला नसता.

समोर असलेले पर्याय

शुक्रवारी रात्री आम्ही चौघं बसलो: राईडची व्यवस्था बघणारे दोघं, 'क' आणि मी.

राईड रद्द करणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी पर्याय होता. राईड रद्द झाली तरी माणसं दुसऱ्या दिवशी त्याच बारवर एकटी बाहेर पडली असती. तो पाच मिनिटांत बाजूला पडला.

प्रत्येकानं आपापलं बघावं, हा दुसरा. त्याच्या बाजूनं 'ख' पुढे बरंच बोलला: माझी सायकल, माझी जोखीम. एकट्यानं चालवताना हे म्हणणं एक वेळ ऐकून घेता येईल. पण आमच्या राईडमध्ये चाकामागे चाक लागलेलं असतं. पुढच्याचा बार तुटला तर मागचे तीन-चार जण त्याच्यावर जातात, आणि त्यांनी ती जोखीम घेतलेली नसते. तेव्हा क्लबच्या राईडपुरता हा प्रश्न व्यक्तीचा उरत नाही, इथं आमचं एकमत झालं.

तिसरा पर्याय म्हणजे सगळ्यांनी घरीच फेसप्लेट उघडून कोडचा फोटो पाठवावा. हा कागदावर उत्तम दिसत होता आणि याच्यावरच आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. तुलनेसाठी एक जुना रिकॉल आठवा. एप्रिल २०१५ मध्ये ट्रेकनं पुढच्या चाकाच्या क्विक रिलीज दांडीसाठी (हत्याराशिवाय चाक सोडायची खिट्टी) अमेरिकेत सुमारे ९ लाख आणि कॅनडात ९८ हजार सायकलींचा रिकॉल काढला होता. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलवर ती दांडी जास्त उघडली तर डिस्कमध्ये अडकून चाक थांबू शकत होतं. त्याच वर्षी आणखी तेरा कंपन्यांनी तशाच दांड्यांसाठी रिकॉल काढला. तिथली तपासणी एखाद्या मुलालाही जमेल अशी होती: उघडी दांडी आणि डिस्क यांच्यामध्ये साधी पेन्सिल, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, बसली पाहिजे. काही सोडायचं नाही, काही आवळायचं नाही.

आमचं तसं नव्हतं. कोड बारच्या मध्यभागी, बरोबर फेसप्लेटखाली छापलेला होता. तो बघायचा तर चार बोल्ट काढायचे, बघून झालं की परत आवळायचे. कार्बन बारवर ही जोडणी करायची तर टॉर्क रेंच हवा, कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट हवी, आणि बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळायची सवय हवी. बहुतेक स्टेमवर ५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळण्याचा जोर लिहिलेला असतो. हाताच्या अंदाजानं आवळणारा माणूस सहज त्याच्या पुढे जातो आणि धडधाकट बार चिरडून ठेवतो. कमी आवळला तर बार फिरतो. अडतीस जणांना घरी हे करायला सांगितलं तर एका लॉटचा धोका टाळताना अडतीस नवे धोके तयार होतील, असं 'क' म्हणाला. मला ते अतिशयोक्त वाटलं. तो बरोबर होता हे पुढे माझ्याच हातून सिद्ध झालं.

चौथा पर्याय: एकाच संध्याकाळी सगळ्या सायकली आणायच्या आणि एका रेंचनं तपासायच्या. अडतीस सायकली, एक रेंच, एक माणूस. वेळेचं गणित बसत नव्हतं.

काय केलं

शेवटी तिसरा आणि चौथा मिळून एक चाळणी बनवली. शनिवारी सकाळी दुसरा संदेश गेला. तो लिहायला मला अर्धा तास लागला आणि पाच ओळींचा होता. पहिल्या ओळीत करायची गोष्ट: "आज रात्रीपर्यंत सायकलच्या हँडलबारचा समोरून आणि वरून एक एक फोटो पाठवा. काहीही सोडू नका." दुसऱ्या ओळीत कारण: बार तुटू शकतो. तिसरीत: सायकल कोणत्या कंपनीची आहे याचा इथं संबंध नाही. चौथीत: फोटो आला नाही तर शनिवारच्या राईडला नाव धरलं जाणार नाही. पाचवीत माझा नंबर, आणि फोटो ग्रुपवर न टाकता मला थेट पाठवायची विनंती.

चौथी ओळ कडक वाटली, पण उत्तरं आली ती तिच्यामुळेच. रविवारी दुपारपर्यंत अडतीसच्या अडतीस फोटो माझ्याकडे होते. काहींनी सायकल धुऊन फोटो काढला होता.

फोटोंवरून नऊ सायकलींवर त्या कंपनीचा बार दिसला. त्यातले दोन त्याच कंपनीचे पण ॲल्युमिनियमचे, म्हणजे विषयच मिटला. उरल्या सात. या सात जणांना मंगळवारी संध्याकाळी बोलावलं, आणि तोवर सायकल चालवायची नाही असं सांगितलं. इथं 'ख' पहिल्यांदा चिडला. अजून काही सिद्ध झालेलं नसताना तीन दिवस सायकल बंद का? आम्ही उत्तर दिलं की सूचनेत "वापर थांबवा" हे शब्द "तपासा"च्या आधी आहेत. तो आला, पण गाडीत सायकल टाकून, न बोलता.

मंगळवारी फेसप्लेटी निघाल्या. चार बार यादीतल्या लॉटचे: क, ख, ग आणि घ. दोन यादीबाहेरचे. सातव्याचा, 'च'चा, कोड वाचताच येत नव्हता. फेसप्लेट आणि बार यांच्यामध्ये रेती जाऊन अक्षरं घासून निघाली होती.

'च'चं काय करायचं, हा त्या संध्याकाळचा पहिला खरा पेच. कंपनीच्या मदत क्रमांकावरून उत्तर आलं की कोडशिवाय खात्री देता येत नाही. बार दिसायला स्वच्छ होता. कोणीतरी नाण्यानं ठोकून आवाज ऐकायचा प्रयत्न केला. पातळ नळीवर या ठोकण्यातून कधीकधी काही कळतं, पण पकडीच्या जागी थर जाड असतात, तिथं चांगला आणि वाईट आवाज वेगळा काढणं म्हणजे कल्पनाशक्तीचा खेळ. आम्ही ठरवलं की जे वाचता येत नाही ते यादीत आहे असं धरायचं. 'च'ला हे पटलं नाही. "पुरावा नसेल तर संशयाचा फायदा माझ्या बाजूनं मिळाला पाहिजे," असं तो म्हणाला. न्यायालयात आरोपीला मिळतो तो फायदा हँडलबारला का द्यायचा, यावर आमचं दहा मिनिटं वाजलं.

दुसरा पेच 'घ'चा, आणि तो मला आजही अस्वस्थ करतो. त्याच्या बारवर पकडीच्या उजव्या कडेला केसाएवढी एक रेघ होती. चार महिन्यांपूर्वी तो सरळ, मोकळ्या रस्त्यावर पडला होता आणि त्याचं कॉलरबोन मोडलं होतं. रस्त्यावर वाळू होती, चाक घसरलं, असं सगळ्यांनी धरलं. त्यानंही. सायकल ठीक दिसली म्हणून बरा झाल्यावर त्याच बारवर तो पुन्हा चालवू लागला होता.

रिकॉलच्या फॉर्मवर सूचना होती: बार मधून कापा, कोडसह दोन्ही तुकड्यांचा फोटो पाठवा, बदली बार मिळेल. परत पाठवण्याऐवजी नष्ट करून फोटो मागणं हे अशा रिकॉलमध्ये नेहमीचं आहे. सदोष भाग पुन्हा बाजारात येऊ नये हा त्यामागचा हेतू. मी करवत आणली, मास्क लावला, कार्बनची धूळ उडू नये म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवली. 'क' आणि 'ग'चे बार कापून झाले. 'घ'चा बार शिकंजात लावला.

तेवढ्यात विम्याच्या दाव्यांचं काम करणारा एक सदस्य म्हणाला, "थांब. हा माणूस पडलाय ना या बारवर?"

मी थांबलो. ती रेघ पडल्यामुळे आली की ती होती म्हणून तो पडला, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि सांगता येण्याची एकमेव शक्यता त्या अखंड बारमध्ये होती. तो कापला असता तर नवा बार मिळाला असता आणि प्रश्न कायमचा बंद झाला असता. बार शिकंजातून काढला, सगळ्या बाजूंनी मोजपट्टी ठेवून फोटो घेतले, पिशवीत घालून तारीख लिहिली आणि 'घ'च्या हाती दिला. त्यानं घटनेची माहिती आधी लेखी कंपनीला आणि सुरक्षा यंत्रणेला कळवली, बदलीचा अर्ज नंतर केला. अमेरिकेत अशा घटना ग्राहक स्वतः आयोगाच्या सेफरप्रॉडक्ट्स या संकेतस्थळावर नोंदवू शकतो. ही नोंद महत्त्वाची अशासाठी की रिकॉल जन्मतो तोच मुळी अशा नोंदींतून. तिथल्या कायद्यानुसार धोकादायक दोषाची माहिती हाती आली की कंपनीनं २४ तासांत आयोगाला कळवायचं असतं, पण ती माहिती कंपनीच्या हाती यायला कोणीतरी "मी वाळूवरून घसरलो" याच्या पलीकडे काही सांगायला हवं.

'ग'च्या बाबतीत आणखी एक धागा निघाला. त्यानं हा बार सुटा घेतला होता, आणि एक नव्हे, दोन: ४२ सेंटिमीटरचा आणि ४४ चा. ४४ रुंद वाटला म्हणून दीड वर्षापूर्वी ऑनलाइन जाहिरात देऊन एका अनोळखी माणसाला विकून टाकला. दोन्ही एकाच वेळी घेतलेले, तेव्हा लॉटही एकच असण्याची शक्यता मोठी. 'ग'नं जुन्या संदेशांतून त्या माणसाचा नंबर शोधला. त्यानं सांगितलं की बार त्याच्या सायकलवर होता आणि ती सायकल मागच्या वर्षी विकली. नव्या मालकाचा नंबर मात्र दिला. 'ग'नं त्या रात्रीच त्याला सूचना, फोटो आणि सविस्तर संदेश पाठवला.

निकाल

शनिवारची राईड झाली. 'क', 'ग' आणि 'च' यांनी उसने ॲल्युमिनियमचे बार लावून चालवलं. त्यांच्या सायकलींच्या केबल्स टेपखालून, बारच्या बाहेरून जात होत्या, त्यामुळे तासाभरात काम झालं. 'ख'ची सायकल मात्र नव्या पद्धतीची, ब्रेकच्या नळ्या बारच्या आतून गेलेल्या. बार बदलायचा म्हणजे नळी सोडा, कापा, नवी फिटिंग लावा, ब्रेक ब्लीड करा, म्हणजे नळीतली हवा काढा. आठवड्यात ते होणार नव्हतं. तो राईडला आला नाही अशी माझी समजूत होती, पण नव्वदाव्या किलोमीटरच्या थांब्यावर पाण्याचे कॅन घेऊन उभा दिसला. माझ्याशी अजून बोलत नव्हता. पाणी दिलं.

बदली बार यायला पाच ते सात आठवडे लागले. आधी साठाच तयार नव्हता. 'च'नं कंपनीला बारची मापं आणि आतल्या बाजूचे फोटो पाठवले होते. दोन महिन्यांनी उत्तर आलं की त्याचा बार यादीबाहेरच्या काळातला आहे, चालवायला हरकत नाही. म्हणजे त्याच्या बाबतीत आम्ही चुकलो. हे तो अधूनमधून आठवण करून देतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मंगळवारी आमच्याकडे जेवढं कळत होतं तेवढ्यावर पुन्हा तेच ठरवलं असतं.

'घ'चा बार कंपनीनं तपासणीसाठी मागितला. त्यानं तो तपासणीनंतर परत मिळेल असं लेखी घेतल्याशिवाय दिला नाही. हे लिहीपर्यंत अहवाल आलेला नाही.

आणि माझ्या हातची गोष्ट. यादीबाहेर निघालेल्या दोघांपैकी एक, 'छ', राईडमध्ये साठाव्या किलोमीटरला एका खड्ड्यावरून गेला आणि त्याचा बार खाली फिरला. तो पडला नाही, थांबला, खिशातल्या हत्यारानं बोल्ट आवळले आणि हळू चालवत आला. संध्याकाळी आम्ही स्टेम पाहिला. फेसप्लेटच्या आत लहान अक्षरात लिहिलं होतं की वरचे दोन बोल्ट आधी पूर्ण बंद करायचे, फट राहील ती फक्त खाली. मी वर-खाली सारखी फट ठेवून चारही ५ न्यूटन-मीटरवर आवळले होते. बहुतेक स्टेमना ते बरोबर असतं, याला नव्हतं. फेसप्लेट वाकडी बसली आणि पकड कमी पडली. त्या संध्याकाळी उघडलेल्या सात बारांपैकी रस्त्यावर हलला तो एकच, आणि रिकॉलशी त्याचा काही संबंध नव्हता.

पुन्हा अशी वेळ आली तर

सूचनेचं चित्र पुढे ढकलणार नाही. पहिल्या संदेशात सुट्या भागाचा फोटो, तो ओळखायचा कसा, आणि आज काय करायचं, एवढंच असेल. आमचे दोन दिवस पहिल्या ओळीमुळे गेले.

फेसप्लेट उघडण्याआधी प्रत्येक स्टेमचं मॉडेल लिहून घेऊन त्याच्या जोडणीची पद्धत वाचणार. त्या संध्याकाळी मी घाईत होतो आणि सात वेळा तेच केलं की हात डोक्याला विचारत नाहीत. शिवाय आवळणारा एक आणि तपासणारा दुसरा हवा. आमच्याकडे चौघं रिकामे उभे होते, एकाच्या हाती यादी देता आली असती.

कापण्याआधी एक प्रश्न प्रत्येकाला विचारायचा: या भागावर तुम्ही कधी पडलात का? मी तो विचारला नाही. विम्यावाला सदस्य त्या दिवशी उशिरा आला होता, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर 'घ'चा बार दोन तुकड्यांत असता.

'ख'ला मी शनिवारी फोन करायला हवा होता. फोटोवरूनच दिसत होतं की त्याच्या नळ्या बारच्या आतून आहेत आणि लॉट निघाला तर तो राईडला मुकणार. हे त्याला आधी कळलं असतं तर कोणाची तरी दुसरी सायकल त्याला उसनी मिळाली असती. त्याला ते मंगळवारी, सगळ्यांसमोर कळलं. तो तपासणीवर चिडला असं मी समजत होतो.

आता क्लबकडे सायकलींऐवजी भागांची यादी आहे: बार, स्टेम, फोर्क, सीटपोस्ट, क्रँक, हेल्मेट, आणि प्रत्येकाचं मॉडेल आणि कोड. नवा बार बसवताना फेसप्लेट लावण्याआधी कोडचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी चार बोल्ट सोडावे लागणार नाहीत. यादी एका माणसाकडे असते आणि ग्रुपवर जात नाही. ती भरायला सहा आठवडे लागले आणि अजून पाच जणांनी भरलेली नाही, त्यातला एक 'च'.

जुना भाग विकताना कोड आणि विकत घेणाऱ्याचा नंबर लिहून ठेवायचा, असंही ठरलं. रिकॉल झालेली वस्तू विकणं अमेरिकेत २००८ च्या कायद्यानं बेकायदा केलं आहे, पण 'ग'नं ४४ चा बार विकला तेव्हा रिकॉल निघालेलाच नव्हता. त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं. त्यानं त्या तिसऱ्या मालकाला आजवर चार संदेश पाठवले आहेत. चारही पोहोचल्याचं दिसतं. एकही उघडलेला नाही.